निकाल राखून ठेवला आहे

जगात आजवर जेवढे म्हणून संदेष्टे झाले, त्या सगळ्यांना एका बाकावर बसवून पेपर लिहायला लावणारा माणूस एकच होऊन गेला, आणि तो माझ्या हातचा चहा पीत होता. ते माझ्या नवऱ्याचे मामा. आम्हा ख्रिस्ती लोकांत देवाचा निरोप घेऊन येणाऱ्याला संदेष्टा म्हणतात, आणि निरोप खरा की बनावट हे ओळखायचं काम देवानं जगात फक्त आपल्याकडं सोपवलंय असा मामांचा ठाम समज होता. श्रीरामपूरला मिशनच्या शाळेत तीस-बत्तीस वर्षं मास्तरकी केलेली. नोकरी संपल्यावर मिरजगावच्या अलीकडं चार मैलांवरच्या आमच्या वस्तीवर ते राहायला आले ते एक ट्रंक, दोन धोतरं आणि तांबड्या पेन्सिलींचं एक खोकं घेऊन. माझ्या नवऱ्याला लहानपणापासून त्यांनीच वाढवलेलं, त्यामुळं ते आले याचं कोणाला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते पेन्सिलींचं. शाळा सुटली होती, पण तपासायची सवय सुटली नव्हती. मी सकाळी चहा दिला की घोट घ्यायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "सत्तावन्न. आलं कमी पडलं, सूनबाई." पाहुणा घरातून गेला की त्याचे मार्क, चर्चमध्ये पाळकांचा उपदेश झाला की त्याचे मार्क. एकदा आमच्या शेजारणीला जुळं झालं तर मामा दोन्ही पोरांकडं बघून म्हणाले, दोघांचं उत्तर सारखं आहे, कोणी कोणाचं बघून लिहिलं ते बघायला पाहिजे. मी कधी शाळेत गेले नाही. जी काही चार अक्षरं मला येतात ती मामांच्या ट्रंकेतले जुने पेपर लावून ठेवता ठेवता आली, म्हणून माझं पहिलं वाचन म्हणजे दुसऱ्यांच्या चुका.

आता संदेष्ट्यांचं असं की त्यांचे तीन पेपर होते, आणि ते मामांनी काही स्वतःच्या डोक्यातून काढले नव्हते. पवित्र शास्त्रात आहे तेच, फक्त त्यांनी वेळापत्रक लावलं. पहिला पेपर मोशेचा. माणूस देवाच्या नावानं जे होईल म्हणून सांगतो, ते होतं का? झालं नाही तर विषय संपला. दुसरा पेपरही मोशेचाच, पण अवघड. समजा सांगितलेलं खरं झालं, तरी तो माणूस तुम्हाला देवाकडं नेतो की दुसरीकडंच कुठं? दुसरीकडं नेत असेल तर पहिल्यातले शंभर मार्क धुऊन प्यायचे. आणि तिसरा पेपर खुद्द प्रभू येशूचा, की झाड फळावरून ओळखा. हा पेपर वर्षानुवर्षं चालतो, कारण फळ काही पेरल्या दिवशी धरत नाही. बरं, पोरांना पस्तीस मार्कांना वर ढकलणारे मामा इथं मात्र कडक. म्हणायचे, "शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा खरं बोलणाऱ्याला आपण सज्जन म्हणतो, सूनबाई. संदेष्टा नाही म्हणत. देवाचे निरोप काय नव्व्याण्णव टक्के पोचायचे?" निळ्या पुठ्ठ्याच्या एका वहीत प्रत्येकाचं एक पान होतं, आणि बसून परीक्षा घ्यायला अंगणात त्यांनी स्वतःच्या हातांनी काळ्या दगडांचा एक ओटा बांधला होता. तो ओटा म्हणजे त्यांचा जीव. त्यावर मी कधी पापड वाळत घातले तर म्हणायचे, परीक्षा केंद्रात बाहेरचं साहित्य चालत नाही.

त्या ओट्यासमोर कोण कोण येऊन गेलं म्हणून सांगू. एक नंदीबैलवाला दरवर्षी यायचा. पाऊस पडंल का, तर बैल मान हलवणार, पीक येईल का, तर बैल मान हलवणार. मामांनी त्याला थांबवलं आणि म्हणाले, लेखी नको, तोंडी घेऊ. मग बैलाच्या कानापाशी वाकून विचारलं, "बाबा रे, तुझा मालक खोटं बोलतो का?" बैलानं झोकात मान हलवली. वहीत नोंद झाली, बैल पास, मालक नापास. एकदा एक फिरता उपदेशक आला. पांढरी दाढी, आवाज मोठा. येत्या उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, जगाचा अंत आहे असं त्याला स्वप्नात कळलं होतं. वस्तीतल्या बाया घाबरल्या, एकीनं तर कोंबड्या विकायला काढल्या. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं, त्याच्या पाया पडले आणि म्हणाले, शनिवारी दुपारी आमच्याकडं जेवायला या. तो शुक्रवारी सकाळीच गाव सोडून गेला. शनिवारी मामांनी त्याचं ताट वाढून ठेवायला लावलं, आणि ते मलाच खावं लागलं. आणि सगळ्यात खोटा संदेष्टा म्हणजे आमचा रेडिओ. बहात्तर साली पाऊस आला नाही, तेव्हा रोज संध्याकाळी हवामानवाला तुरळक सरी पडतील म्हणून सांगायचा आणि मामा भिंतीवर तांबडी फुली मारायचे. भिंत भरली. जुन्या काळी खोट्या संदेष्ट्याला धोंडे मारायचे म्हणतात, पण रेडिओला धोंडा मारून कसं चालेल, नवा कोण आणणार.

त्या वर्षाचं काय सांगायचं. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी भाजून, दळून, नाक मुरडत खायची. पाणी होतं ते वस्तीला लागूनच्या गावातल्या एका विहिरीला, तेही खाली खाली चाललेलं. आमच्या वस्तीनं धर्म बदलून दोन पिढ्या झाल्या होत्या, पण ती बातमी त्या विहिरीपर्यंत काही पोचली नव्हती. आम्ही आपल्या घागरी खाली ठेवून लांब उभं राहायचं. वरच्या आळीतल्या कोणा बाईला सवड झाली, दया आली, की ती वरून पोहरा ओतणार. कायदा काय म्हणतो ते मामा सांगायचे, पण घागर कायद्यानं भरत नाही. कधी कधी दोन-दोन तास उभं राहून अर्धी घागर घेऊन घरी यायचं, आणि येऊन मामांना चहाचा अर्धा कप. ते मार्क मात्र पुरे द्यायचे.

अशात मार्च महिन्यात जीपमधून एक उंच अमेरिकन साहेब आला. दुष्काळी भागात बोअर मारणाऱ्या एका संस्थेचं मशीन मिरजगावकडं फिरत होतं आणि तो त्या मशीनवरचा माणूस. वय तिशीच्या आत, नाक उन्हानं सोललेलं, मराठी मोडकी पण न लाजता बोलायचा. आमच्या वस्तीला एक बोअर मंजूर झाला आहे, तीन आठवड्यांनी पाळी येईल, एवढं सांगायला तो आला होता. मामांनी त्याला ओट्यावर बसवलं. मी कडा न उडालेला एकुलता एक कप काढला आणि चहा नेला. साहेबानं छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, चहा नको.

वाचणाऱ्याला यात काही वाटणार नाही. पण आमच्या वस्तीवर त्या नको शब्दाला मोठा इतिहास होता. आमच्या घरी कोणाचा उपास असायचा, कोणाला पित्त व्हायचं, कोणी आत्ताच घेऊन आलेला असायचा. सरकारी माणूस असो की शाळा तपासनीस, सगळ्यांना आमच्या उंबऱ्यापाशीच पित्त व्हायचं. मामा त्या कपाकडं बघत बसले. मी कप उचलायला वाकले तर साहेब म्हणाला, "पाणी मिळेल? फार तहान लागली." मी माठातलं पाणी आमच्याच तांब्यात दिलं. तो तोंड लावून गटागटा प्यायला, मिशीवरचं पुसलं, आणि तांब्या पुन्हा पुढं केला. त्या दिवसांत पाणी मागणं म्हणजे चहापेक्षा शंभर पटीनं जास्त मागणं, हे त्या बिचाऱ्याला कुठलं ठाऊक. पण मामांचा चेहरा असा उजळला की बस. त्यांनी तो गार होत चाललेला चहा स्वतः पिऊन टाकला आणि विचारलं, मग चहा का नको? साहेब म्हणाला, आमच्या संदेष्ट्यानं आम्हाला चहा-कॉफी पिऊ नका म्हणून सांगितलंय.

मामांनी चष्मा सावरला. "संदेष्ट्यानं? कोणत्या संदेष्ट्यानं?"

आता मामा लवकर उठायचे नाहीत, चूल विझवून ठेवावी, हे मला तेव्हाच कळलं.

तर तो साहेब मॉर्मन पंथाचा निघाला. त्यांच्या देशात शंभरावर वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याच्या पोरानं रानात जाऊन प्रार्थना केली, त्याला देवदर्शन झालं, आणि पुढं एका दूतानं दाखवलेल्या सोन्याच्या पत्र्यांवरून त्यानं एक ग्रंथ लिहून काढला, असं ते मानतात. आणि ते एवढ्यावर थांबत नाही. त्यांच्या मंडळीत आजही एक संदेष्टा असतो, जिवंत, म्हातारासा, तो कचेरीत बसून काम बघतो. कचेरी ऐकून मामा पहिल्यांदा खो खो हसले, आणि मग स्वतःच थांबून म्हणाले, तसं मोशेलाही त्याच्या सासऱ्यानं लोकांचे तंटे ऐकायला कचेरी लावूनच दिली होती, ते राहू द्या. माणसाला आयुष्यभर गल्लीतल्या पोरांच्या परीक्षा घ्याव्या लागाव्यात आणि म्हातारपणी एकदम विद्यापीठाचा विद्यार्थी समोर यावा, तसं त्यांचं झालं. त्यांनी साहेबाचा ग्रंथ मागून घेतला आणि डिक्शनरी मांडीवर घेऊन दहा दिवसांत वाचून काढला. साहेब दिवसभर कुठं कुठं बोअर मारायचा आणि संध्याकाळी धुळीनं पांढरा होऊन ओट्यावर यायचा. मी त्याच्यासाठी चिंचेचं पाणी करायला लागले, ते त्यांच्या संदेष्ट्याला चालत होतं.

त्यांचं बोलणं अर्धं इंग्रजीत, अर्धं हातवाऱ्यांत. पण रोज ऐकून ऐकून मलाही कोणाचं म्हणणं काय ते कळायला लागलं. मामा म्हणायचे, आमचं शास्त्र पुरं झालेलं आहे, त्यापलीकडं स्वर्गातला दूत जरी नवं काही घेऊन आला तरी त्याला दारात उभं करायचं नाही, असं पौलानं बजावलंय. साहेब म्हणायचा, जो देव तेव्हा बोलत होता, त्याचं तोंड कोणी बंद केलं? आणि प्रभूनं खोट्या संदेष्ट्यांपासून सावध राहा म्हणून सांगितलं, फळावरून ओळखा म्हणून सांगितलं. पुढं एकही खरा येणारच नसता, तर ओळखायची खूण कशाला दिली असती? कोणीच येणार नाही, दार लावून घ्या, एवढंच म्हटलं असतं. यावर मामा माझ्याकडं वळून म्हणाले, हा बोअरवाला नाही, वकील आहे. पण गाडी अडायची ती एका ठिकाणी. साहेबाचं म्हणणं, तुमचे तीन पेपर ठीक आहेत, पण शेवटचा निकाल तुम्ही लावायचाच नाही. ज्याला शहाणपण कमी पडतं त्यानं देवाला विचारावं, असं तुमच्याही शास्त्रात आहे. खऱ्या मनानं, जे उत्तर येईल ते मानायची तयारी ठेवून गुडघे टेकायचे आणि विचारायचं, हे खरं आहे का? खरं असेल तर छातीत ऊब येते, जीव शांत होतो. आम्ही तसंच ओळखतो. मामा म्हणायचे, "छातीत ऊब मला शेंगदाण्याच्या चटणीनंही येते, साहेब. उत्तरपत्रिका विद्यार्थ्याच्या हातात, आणि मार्क माझ्या छातीत? असली परीक्षा मी घेतली असती तर माझी सगळी लाडकी पोरं पहिली आली असती." साहेब हसायचा, पण हट्ट सोडायचा नाही. एकदा मामांनी विचारलं, बरं, तुमच्या संदेष्ट्याची फळं सांगा. तेव्हा तो म्हणाला, माझे पणजोबा त्या शब्दावर विश्वास ठेवून घरदार सोडून चालत एका कोरड्या मुलखात गेले. खारं सरोवर, भोवती वाळवंट. तिथं त्यांनी पहिल्यांदा पाट काढले. मी त्या पाटाच्या पाण्यावर वाढलो, म्हणून पाणी काढायला शिकलो. मामांनी त्या दिवशी वहीत बरंच लिहिलं.

आणि मग आमची पाळी आली. चैत्र सुरू झाला होता. साहेबानं येऊन सांगितलं की जागा दाखवणारा भूगर्भवाला आजारी आहे, येणार नाही. जागा वस्तीनं दाखवायची. बोअर एकच. कोरडा गेला तर मशीन पुढच्या गावाला, परत पाळी नाही. वस्तीनं एकमतानं सांगितलं की मास्तर दाखवतील ती जागा. कोणी म्हणालं, ओढ्याकाठी मारा, तिथं जमिनीतलं पाणी सांगणाऱ्या एका पाणाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला होता. तो पाणाड्या मामांच्या वहीत आधीच तीन वेळा नापास झालेला. आणि त्याच दिवशी दुपारी मार्थाबाई अंगणात येऊन उभी राहिली.

मार्थाबाई म्हणजे वस्तीच्या टोकाला राहणारी विधवा, खडी फोडून हाताची सालं गेलेली, उपासनेला मागच्या रांगेत बसून झोपणारी. उभ्या जन्मात तिनं कधी चार माणसांत तोंड उघडलं नव्हतं. ती म्हणाली, "मास्तर, कामावर दुपारच्याला खडीच्या ढिगाला टेकून डोळा लागला हुता. सपनात तुमचा वटा दिसला. वट्याखालनं पानी वर आलं, लई पानी, आन् त्यात तुमच्या चपला तरंगत हुत्या. तीनदा दिसलं. म्हनून आले सांगाया."

मामा प्रथम ओट्याकडं बघायला लागले, मग पायांतल्या चपलांकडं. गेल्या तीस वर्षांत इतका अडचणीचा पेपर त्यांच्या हातात आला नव्हता. त्या दिवशी ते जेवले नाहीत. अडचण ओटा मोडायची होती असं तुम्हाला वाटेल, तशी ती थोडी होतीच. पण खरी अडचण वेगळी होती. मोशेचा पेपर होऊन गेल्यावरच तपासता येतो. पाऊस पडला की नाही, जग बुडालं की नाही, हे बघून फुली मारायला कोणाचंच काही जात नाही. इथं आधीच ठरवायचं होतं, आणि चुकलं तर चाळीस घरांनी आणखी एक उन्हाळा गावच्या विहिरीपाशी घागरी खाली ठेवून उभं राहायचं होतं. संध्याकाळी साहेब आला, त्याला मामांनी सगळं सांगितलं आणि विचारलं, मशीन काय म्हणतं? साहेब म्हणाला, मशीन खोदल्यावर बोलतं. तुम्ही गुडघे टेका.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पीठ घ्यायला आत गेले तर मामा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, डब्यांच्या मागं, गुडघ्यांवर बसलेले. उपासनेत ते कायम उभं राहून प्रार्थना करत, गुडघे दुखतात म्हणून. मी पाय न वाजवता बाहेर आले. बऱ्याच वेळानं ते धोतर झटकत आले. मी विचारलं, काय झालं, मामा?

"छातीत गरम वाटतंय," ते म्हणाले. "पण चैत्र आहे, सूनबाई. सगळीकडंच गरम वाटतंय."

मग त्यांनी मार्थाबाईला बोलावलं, ओट्यावर बसले आणि तिला समोर बसवलं. तोंडी परीक्षा. अर्धी वस्ती बघायला उभी. मामांनी विचारलं, हे कोणाच्या नावानं सांगतेस? ती म्हणाली, परभू येशूच्या, मला दुसरं कोन हाय. मामांनी विचारलं, यात तुझं काय? ती म्हणाली, माझं काय आसनार, पानी लागलं तरी मलाबी एकच घागर उचलती. मामांनी डोळे बारीक केले. "आणि पाणी नाही लागलं तर?"

"न्हाई लागलं तर मी खोटी, मास्तर. मग खुशाल म्हना खोटी, मी न्हाई रागवायची. पर खनल्याबिगर कसं म्हनाल?"

मामांनी खिशातून तांबडी पेन्सिल काढली, तिच्याकडं बघितलं, पुन्हा खिशात ठेवली. मग ओट्यावरून उठले आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "पहार आण रे. पेपर लिहू दिल्याशिवाय नापास करायची पद्धत माझ्या शाळेत नव्हती." आणि पहिला दगड त्यांनी स्वतः काढला. मी बघत होते, प्रत्येक दगड निघाला की ते तो हातानं पुसून बाजूला रचून ठेवत होते.

तिसऱ्या दिवशी मशीन आलं. तो आवाज, बाई! कोंबड्या दोन दिवस अंडी विसरल्या. मशीन सुरू करायच्या आधी मामांनी चपला काढून उभं राहून प्रार्थना केली आणि अनवाणीच मागं सरले. चपला तिथंच राहिल्या. माझ्या लक्षात आलं होतं. उचलाव्यात असं मनात आलं, आणि मग नाही उचलल्या. हे मी मामांना कधी सांगितलं नाही, आज लिहून टाकते. पन्नास फूट झाले, काळ्या दगडाची भुकटी उडत होती. शंभर झाले, भुकटीच. एकशेवीस. लोक खाली बसले. मार्थाबाई लांब एका दगडावर बसून होती, पदर तोंडात धरून. तिच्या शेजारची जागा मोकळी होती, कोणी जाऊन बसलं नाही, आणि मग मामा जाऊन बसले. दीडशे फुटांची मंजुरी होती. दीडशेला साहेबानं मशीन थांबवलं. टोपी काढून, डोळे मिटून, पाच-दहा क्षण नळीला धरून उभा राहिला आणि मदतनिसाला म्हणाला, आणखी एक नळी लाव. मदतनीस म्हणाला, परवानगी? साहेब म्हणाला, ती मी विचारलीये.

एकशेअठ्ठावन्नला भुकटी ओली झाली. मग राखाडी चिखल आला आणि मग असा फवारा उडाला की पुढं उभे असलेले सगळे नखशिखांत भिजले. कोणी रडत होतं, कोणी पोरांना फवाऱ्याखाली धरत होतं. मामा खाली बघत होते. चिखलपाण्याचा एक ओघळ अंगणातून उताराला लागला होता आणि त्यावरून त्यांच्या चपला, आधी डावी आणि मागून उजवी, सावकाश कुंपणाकडं निघाल्या होत्या.

आता वाटेल, की लावला निकाल. छे. लोक मार्थाबाईला संदेष्ट्री म्हणायला लागले, पार नगरकडून माणसं प्रश्न विचारायला यायला लागली, तर मामांनी त्यांना परत लावलं. एका पेपरावर पदवी मिळत नाही म्हणाले. पहिल्यात शंभर, दुसऱ्यात शंभर, तिसरा अजून सुरू आहे. मार्थाबाईलाही ते बरंच वाटलं. पुन्हा सपान पडलं तर सांगीन, पर आता झोपच लई गाढ लागती, म्हणाली.

बोअरवर हापसा बसला, आणि वैशाखात तिसऱ्या पेपराची वेळ आली. गावची विहीर तळाला गेली. एका सकाळी वरच्या आळीतल्या पाच-सहा बाया डोक्यावर घागरी घेऊन आमच्या बाभळीपर्यंत आल्या आणि तिथंच थांबल्या. पुढं थोरल्या घरची बाई, जिनं वर्षानुवर्षं आमच्या घागरींत वरून पाणी ओतलं होतं, मनात आलं तेव्हा. आमच्या बाया हापशाकडं बघायला लागल्या. हापशाचा दांडा त्या वेळी मार्थाबाईच्या हातात होता. ओट्याचे दोन दगड मामांनी हापशापाशी मांडून घेतले होते, ते त्यावर बसलेले, पुढं वाकून मार्थाबाईकडं बघत. मार्थाबाईनं दांडा सोडला, हात पदराला पुसले.

"लांब का हुभ्या ऱ्हायला, बाई?" ती म्हणाली. "मी वरनं वतायची न्हाई हां. या हितं, हापसा तुमचा तुमी."

ती थोरली बाई आली. आयुष्यात कधी हापसा हापसला नसेल, पहिल्यांदा जमेना. मार्थाबाईनं तिच्या हाताशेजारी आपला हात ठेवून दाखवलं. मामांनी चष्मा काढून पुसायला घेतला तो बराच वेळ पुसत बसले.

पावसाच्या आधी साहेब निरोप घ्यायला आला. मामांनी त्याचा ग्रंथ वर्तमानपत्राचं कव्हर घालून परत दिला. म्हणाले, तुमच्या संदेष्ट्याचं आणि माझं अजून पटलेलं नाही, आणि मरेपर्यंत पटेल असं वाटत नाही. पण दीडशे फुटांवर तुम्ही डोळे मिटलेत ते मी विसरणार नाही. साहेब म्हणाला, मी तुमच्यासाठी विचारत राहीन. मामा म्हणाले, "विचारा. आणि देवाला मला काही ऊब देऊन सांगायचं असलं, तर म्हणावं हिवाळ्यात सांग. उन्हाळ्यात मला गोंधळायला होतं." दोघं इतके हसले की जीपचा ड्रायव्हर बघत राहिला. जाताना साहेबानं तांब्याभर पाणी मागून घेतलं, हापशाचं.

मामा त्यानंतर चार वर्षं होते. आठ दिवसांच्या तापानं गेले, नाताळाच्या थोडं आधी. शेवटच्या दिवशी मी चमच्यानं चहा पाजला तर पुटपुटले, शंभर. मी म्हणाले, आलं तर घातलंच नाही मामा. तर डोळे मिटूनच हसले. मग केव्हातरी मी ती निळी वही उघडली. नंदीबैल, जगबुडीवाला, रेडिओ, सगळे आपापल्या पानावर तांबड्या पेन्सिलीनं नापास. साहेबाच्या संदेष्ट्याचं पान दोन्ही बाजूंनी गच्च लिहिलेलं, हे बरोबर, हे चूक, हे विचारायचं राहिलं. खाली मास्तरी अक्षरात, निकाल राखून ठेवला आहे. आणि त्याखाली नंतर कधीतरी वेगळ्या शाईनं लिहिलेलं, विद्यार्थी मात्र चांगले घडवतो. मार्थाबाईच्या पानावर तिसऱ्या पेपरापुढं मार्क नव्हते. रोज तपासत आहे, एवढंच होतं.

त्या नाताळाच्या सकाळी मी पाण्याला गेले. कडाक्याची थंडी, हापशाचा दांडा हाताला चावत होता. मार्थाबाईनं आधीच येऊन माझी घागर भरून ठेवली होती, आणि मामांच्या दगडावर बसून ती काहीतरी गुणगुणत होती. मी घागर कमरेवर घेतली आणि छातीत अशी ऊब आली, की मी शाल सैल केली. मागं वळून मामांना सांगणारच होते, की हे बघा, आता तर चैत्र नाही.